परक्याच्या ओसरीवरची दुकाने

म्हापशाच्या, बेळगावच्या किंवा इंदूरच्या कोणत्याही पेठेतून आज सहज चक्कर मारावी, तर लहानसहान दुकानांच्या फलकांवर मालकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत एक विनंती रंगवलेली आढळते : आम्हांला इन्स्टाग्रामवर फॉलो करा, फेसबुकवर लाइक करा. शीतपेयांच्या कंपन्यांनाही दुकानावर आपले नाव झळकवायचे असेल, तर फलकाचा खर्च त्या स्वतः सोसत आल्या आहेत. आमचा दुकानदार मात्र पदरचे पैसे मोडून परक्या पेढीची जाहिरात आपल्या दारावर लावतो आणि वर आपण ‘ऑनलाइन’ झालो म्हणून समाधान मानतो. या समाधानालाच आमचा आक्षेप आहे. लहान व्यवसायाने आंतरजालावर यावे की न यावे, हा वाद केव्हाच निकालात निघाला. खरा वाद आहे तो कोणाच्या जागेत आणि कोणाच्या भाषेत यावे याचा. आणि तो वाद करण्यास आम्ही अद्याप सुरुवातसुद्धा केलेली नाही.

मुळात हे जाळे कोणा एकाच्या मालकीचे नाही, ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि एप्रिल १९९३ मध्ये त्या संस्थेने ती सारी रचना कोणताही मोबदला न मागता जगाच्या स्वाधीन केली. त्यामुळे ज्या रीतीने एखादी बलाढ्य कंपनी आपले पान जगापुढे मांडते, त्याच रीतीने मडगावचा खाणावळवाला आपले पान मांडू शकतो. दोघांच्या पानांची भाषा एक, दोघांच्या पत्त्यांची घडण एक. हा राजरस्ता आहे. अशा राजरस्त्यावर स्वतःचे दार उघडण्याची मुभा असता आम्ही रांगेने जाऊन बसतो ते परक्याच्या ओसरीवर. कारण तेथे भाडे मागत नाहीत!

भाडे मागत नाहीत हे खरे. पण ओसरीवरून केव्हा उठवतील याचीही शाश्वती देत नाहीत. जिओसिटीज या एकेकाळच्या विस्तीर्ण वसाहतीत लाखो लोकांनी आपापली पाने थाटली होती. २००९ मध्ये मालकांनी तिचे दार लावून घेतले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या बंदीची कारणे राष्ट्रीय होती आणि त्यांविषयी येथे वाद नाही; परंतु ज्या कारागिराने आपले सारे गिऱ्हाईक तेथेच जोडले होते, त्याची ओळखदेख एका रात्रीत पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडली. तीन दुकाने थाटल्याचा ज्यांचा समज होता, त्यांना आपण एकाच घरमालकाच्या तीन खोल्यांत राहत असल्याचे त्या दिवशी कळले असावे. गूगलने लहान व्यावसायिकांना आपल्या नोंदवहीबरोबर जी फुकटची पाने करून दिली होती, तीही मार्च २०२४ मध्ये बंद केली. यात कोणी कायदा मोडला असे आमचे म्हणणे नाही. ओसरी ज्याची, त्याने ती केव्हाही झाडून घ्यावी. प्रश्न आहे तो आमच्या शहाणपणाचा.

यावर पूर्वपक्ष असा की, गिऱ्हाईक जेथे असेल तेथेच दुकानदाराने गेले पाहिजे. मान्य. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दी असते म्हणून लोक तेथे माल घेऊन जातात. पण म्हणून कोणी घरदार विकून बाजाराच्या पदपथावर बिऱ्हाड मांडीत नाही. संध्याकाळी परतायला घर असते आणि ‘ताई, पुढच्या वेळी घरीच या’ असे सांगायला पत्ता असतो. समाजमाध्यमांवर जरूर जावे, पण त्या पत्त्यावर लोकांना आणण्यासाठी जावे. शिवाय तेथे जमवलेली गर्दी तरी आपली असते काय? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केले की, यापुढे आप्तस्वकीयांच्या मजकुराला अग्रस्थान मिळेल आणि व्यावसायिकांचा मजकूर मागे सरकेल. म्हणजे पाच हजार लोकांनी आपण होऊन तुमचे नाव पसंत केले, तरी त्यांतील किती जणांपर्यंत तुमची हाक पोहोचू द्यायची हे तिसराच ठरवणार आणि उरलेल्यांसाठी तुमच्याकडूनच पैसे घेणार. घरपोच जेवण देणाऱ्या मंचांची कथा याहून निराळी नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने झोमॅटो आणि स्विगी यांच्याविरुद्ध तक्रार केली व एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. संघटना करणाऱ्यांना जेथे आयोगाचे दार ठोठवावे लागले, तेथे एकट्या खाणावळवाल्याची काय कथा?

आता दुसऱ्या आघाडीकडे वळू. ज्यांना हे पटले आणि ज्यांनी स्वतःचे संकेतस्थळ करून घेतले, त्यांतील कित्येकांची अवस्था पहिल्यांपेक्षा बिकट आहे. गावोगावी संकेतस्थळे बांधून देणारे उदयाला आले आहेत. त्यांत प्रामाणिक कसबी लोक पुष्कळ आहेत. त्यांना आमचा नमस्कार. परंतु दुकानाचा आंतरजालावरील पत्ता दुकानदाराच्या नावाने न नोंदवता स्वतःच्या नावाने नोंदवायचा, चाव्या स्वतःजवळ ठेवायच्या आणि दरसाल नूतनीकरणाच्या वेळी वाटेल ती रक्कम मागायची, हा धंदाही जोरात आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याने घराचा उतारा स्वतःच्या नावे करून घेतला, तर आपण गाव गोळा करू. येथे मात्र मुकाट्याने सही करतो. त्याच जातीचे दुसरे गृहस्थ म्हणजे ‘गूगलवर पहिला क्रमांक, हमखास’ असे वचन विकणारे. अशी हमी कोणालाही देता येत नाही, हे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात सांगते. नकाशावर आणि शोधात दुकानाची नोंद करण्यास ती कंपनी एक पैसाही घेत नाही. ही माहिती ज्याला आहे, त्याला लुबाडणे कठीण. म्हणूनच ती त्याला कोणी देत नाही.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत जिव्हाळ्याचा. आमच्या व्यापाऱ्यांची जी थोडीफार संकेतस्थळे आहेत, ती उघडून पाहावीत. सारी इंग्रजीत! आणि इंग्रजी तरी कोणते? ‘दर्जा हेच आमचे ब्रीद’, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा ध्यास’ अशा अर्थाची उसनी वाक्ये. तीच सिमेंटवाल्याकडे आणि तीच लाडूवाल्याकडे. गोव्याच्या जत्रेत बेसन, गूळ आणि आले यांचे खाजे विकणारा घ्या. त्या खाज्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. २०२३ मध्ये ते बेबिंकालाही मिळाले. जत्रा उठली, मांडव निघाला, आणि मुंबईला परतलेल्या चाकरमान्याला श्रावणात खाज्याची आठवण झाली, तर तो ते शोधणार कसे? तो ‘खाजे’ असेच लिहील किंवा हल्लीच्या रीतीने फोनला तोंडाने विचारील. ज्या पानावर तो शब्दच नाही, ते पान त्याला सापडावे तरी कसे? जेथे मराठी मजकूर असतो, तेथेही तो बहुधा चित्रात कोरलेला. डोळ्यांना तो दिसतो, पण शोधयंत्राच्या हाती तो सरळपणे लागत नाही आणि दृष्टिहीनांना वाचून दाखवणारे यंत्र त्यापाशी अडखळते. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्ये १९९१ पासून हक्काची जागा आहे. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टचे कारण पुढे करण्याचे दिवस सरले. २०१४ पासून तर ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही मिळतो, आणि तो मराठी व कोकणी दोहोंसाठी खुला आहे.

येथे कोणी भाषावादाची जुनी शिदोरी सोडू नये. गोव्यातील दुकानाने मराठी लिहावे की कोकणी, असे विचाराल तर आमचे उत्तर : दोन्ही. रोमी लिपीत कोकणी वाचणारे गिऱ्हाईक असेल, तर तीही लिपी असावी. आणि पर्यटकासाठी इंग्रजीलाही मज्जाव नाही. बडोद्याच्या दुकानाने मराठीबरोबर गुजराती, बेळगावच्याने कन्नड खुशाल लिहावे. व्यापाऱ्याला चार भाषा येणे हे आपल्याकडे भूषणच होते. आक्षेप आहे तो स्वतःची भाषा वगळून उरलेल्या तिन्ही लिहिण्याला.

मग त्या पानावर असावे काय? फार काही नको. माल कोणता, भाव काय, दुकान किती ते किती उघडे, आठवड्याची सुटी कोणती, कोणत्या देवळाच्या किंवा चर्चच्या बाजूने वळायचे, फोन कोणता. बेबिंका थरावर थर चढवून कशी भाजतात आणि तिला वेळ का लागतो, हे चार ओळींत सांगितले तर भावाचीही फोड आपोआप होईल. पान हलके असावे, म्हणजे दूरच्या वाडीतल्या साध्या फोनवरही ते उघडेल. पत्त्याचे वार्षिक शुल्क साधारण हजार रुपयांच्या आसपास पडते. अनेकांच्या फलकावरील रंगाला याहून अधिक लागतात. मात्र पत्ता आपल्याच नावावर, चाव्या आपल्याच हाती आणि मजकुराची एक प्रत घरी, या तीन अटींवर तडजोड नको.

पान केले की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक रांग लावील, असे आम्ही सांगत नाही. तसे सांगणारा वर वर्णिलेल्या हमखासवाल्यांच्या पंगतीत बसेल. गल्लीतल्या दुकानाप्रमाणे याचीही वाट लोकांना दाखवावी लागते : पावतीवर, पिशवीवर, फलकावर. दारावर भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या बाईला संकेतस्थळाची गरज नाही, हेही उघड आहे. पण ज्याचा माल गावाबाहेर जाऊ शकतो, ज्याचे गिऱ्हाईक चार शहरांत पांगलेले आहे, त्याने स्वतःचे दार न उघडणे ही आळसाची किंमत आहे, आणि ती तो रोज मोजतो आहे.

शेवटचा शब्द आमच्या साहित्यसंस्थांना आणि व्यापारी मंडळांना. भाषा मरते आहे म्हणून आपण परिसंवाद भरवतो, ठराव करतो, शाली वाटतो. पण शेजारच्या दुकानदाराला त्याच्या मालाविषयी दहा शुद्ध ओळी लिहून देण्यास आमच्यापैकी किती लेखक कधी गेले? भाषा ग्रंथालयात जपली जाते, पण जगते ती बाजारात. बाजार आता जाळ्यावर गेला आहे आणि आमची भाषा मागे राहिली आहे. प्रत्येक गावच्या मंडळाने वर्षातून दहा दुकाने निवडावीत, लेखकाने मजकूर द्यावा, एखाद्या जाणत्या तरुणाने पान बांधावे, आणि पत्ता दुकानदाराच्या नावे नोंदवून चाव्या त्याच्या हाती द्याव्यात. त्या दिवशी फलकावरची ती परक्याची विनंती पुसून तेथे स्वतःचा पत्ता रंगवता येईल. रंग तोच लागेल. घर मात्र आपले असेल.