सध्या काय करतो हो तो?

गाण्यातलं मला काही कळत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर आमच्या सौ.ला चारचौघांत सांगावं लागणार नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा गायलो होतो. पुढच्या वर्षी मला खुर्च्या मांडायचं काम दिलं. तेव्हापासून माझा नि संगीताचा संबंध लांबूनच. पण हिशेबातलं मला कळतं. वीस वर्षांच्या वर बँकेत काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतोय. त्या अधिकारात सांगतो, टीव्हीवरच्या गायनस्पर्धांच्या खात्यात मोठी अफरातफर आहे. आणि ती चॅनेलवाल्यांनी किंवा परीक्षकांनी केलेली नाही. तुम्ही आणि मी केलेली आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. मार्च 2005. 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वाची अंतिम फेरी, आणि त्यात आपला मुंबईचा अभिजीत सावंत. मी बँकेत नुकताच चिकटलेला, हातात आयुष्यातला पहिला मोबाइल. ब्रँचमध्ये मार्च-एंडची बोंब, आणि मी टेबलाखाली एसेमेस पाठवतोय! मराठी माणूस मागे राहता कामा नये म्हणून अंगठा सुजेपर्यंत मतं दिली. अभिजीत जिंकला, आणि मी पेढे वाटले. महिन्याने बिल आलं तेव्हा वडिलांनी चष्मा पुसून विचारलं, "गावाकडे कोणी अत्यवस्थ आहे का रे?"

त्याच वर्षी त्याचा अल्बम आला. आमच्या ब्रँचमधल्या एकाने सीडी विकत घेतली आणि उरलेल्या अकरा जणांनी ती उतरवून घेतली. त्या अकरांत मी पहिला. म्हणजे बघा, मत द्यायला मी रोख पैसे मोजले आणि गाणं मात्र फुकटात ऐकलं. शर्यतीचं तिकीट काढलं, घोड्याला चारा घातला नाही. डेबिट-क्रेडिट जुळतंय का तुम्हीच सांगा.

आणि मग चार-दोन वर्षांनी हाच माणूस लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा भुरका मारत विचारतो, "सध्या काय करतो हो तो?" सूर असा, की जणू चुलत मेव्हण्याचा मुलगा बारावीला तिसऱ्यांदा बसलाय. 2024 साली 'बिग बॉस मराठी'त अभिजीत उपविजेता ठरला, तेव्हा आमचे कॅशियर म्हणाले, "अरेच्चा! हा कुठे होता इतकी वर्षं?" अहो, तो कुठे जाणार? आपण कुठे होतो?

लगेच कुणीतरी श्रेया घोषालचं नाव घेईल. मान्य. लहानपणी 'सा रे ग म' जिंकली, आणि 2002 च्या 'देवदास'ने राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. आनंदच आहे. पण एक खातं उत्तम चाललंय म्हणून सबंध शाखा फायद्यात आहे असं आमचा ऑडिटरसुद्धा म्हणत नाही.

त्यापेक्षा अरिजित सिंग घ्या. 2005 साली 'फेम गुरुकुल'मध्ये होता. जिंकला नाही. 'तुम ही हो' आलं 2013 साली. मधली आठ वर्षं संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत राबत होता. बँकेच्या भाषेत, आठ वर्षांची मुदत ठेव. गळा ही मुदत ठेवच असते हो! आणि आपण काय करतो? अकरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात हार घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून व्याज मागतो. 2009 साली मराठी 'लिटिल चॅम्प्स'च्या त्या पाच पोरांनी अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीसमोर बसवलं. पुढे त्यांनी आपापल्या वाटा शोधल्या. 2021 च्या पर्वात तर तेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. पण आपल्याला ते अजून तेवढेच छोटे हवेत! मुलगा तेरा-चौदाचा झाला की आवाज फुटतो, तो निसर्ग आहे. आपण मात्र "पूर्वीची गोडी राहिली नाही" म्हणून मोकळे, जणू त्याने आपलं कर्ज बुडवलंय.

आता माझ्या गुन्ह्याचा दुसरा भाग. आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मी खजिनदार. बँकेतला म्हणून बिनविरोध. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत लहानपणी गाजलेली मुलगी आम्ही गाण्याला बोलावली. स्कूटरवरून एकटीच आली. दोन तासांचे तिने पंचवीस हजार सांगितले, तबला-पेटीवाल्यांसकट. मांडव आणि रोषणाईचे साठ हजार आम्ही हूं की चूं न करता मंजूर केले होते. इथे मात्र सेक्रेटरी पुढे सरसावले. "अगं बाळ, चारशे माणसं असतात आपल्याकडे. तुझी प्रसिद्धी होईल."

ती शांतपणे म्हणाली, "काका, प्रसिद्धी मला अकराव्या वर्षीच मिळाली. आता तबलजींना पैसे द्यायचेत."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता तिला बारा हजारांवर आणली. बँकेत मला कुणी घासाघीस करू देत नाही, ती हौस मी तिथे भागवून घेतली.

ती दोन तास गायली. मला कळत नाही हे सांगितलंच आहे, पण शेवटच्या भैरवीला मागच्या रांगेतल्या बटाटेवड्यांच्या बश्यासुद्धा वाजायच्या थांबल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर आमच्या विंगमधल्या काकू तिच्याजवळ गेल्या, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गोड गातेस हो! सध्या काय करतेस?"

दोन तास गाऊन घामाने भिजलेल्या मुलीला! ती नुसती हसली आणि तंबोऱ्याला गवसणी घालू लागली.

रात्री जमाखर्च लिहायला बसलो. मांडव, रोषणाई, प्रसाद, भटजी, सगळ्यांना स्वतंत्र रकाने होते. गाण्याला नव्हता. त्या बारा हजारांची नोंद मी 'किरकोळ खर्च' या सदराखाली केली. माझ्याच हस्ताक्षरात आहे, कधीही येऊन बघा.

यंदाच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडलाय : जमाखर्चात 'गाणं' असा वेगळा रकाना, आणि त्यात पंचवीस हजार. सेक्रेटरी म्हणाले, "मग काय रोषणाईतून कापायचे?"

म्हटलं, "कापा. गाणं अंधारातही ऐकू येतं."

ठराव पुढच्या मीटिंगवर ढकललेला आहे.