उजळ कातडीचा हव्यास

लग्न ठरायच्या आत ‘चेहरा जरा उजळून घे’ म्हणून पोटच्या मुलीला सलूनच्या खाटेवर झोपवणाऱ्या ब्रिटनमधल्या मराठी आईबापांना मला जाब विचारायचा आहे. त्या खाटेवर काय होते, ते तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय?

डोळ्यांवर गॉगल चढवतात, गालांवर थंडगार जेल फासतात आणि हँडपीस टेकवून प्रकाशाचा एकेक झगझगीत झोत मारतात. या उपचाराचे नाव आयपीएल. झेनॉन दिव्याचा साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा हा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे कातडीतले गडद रंगद्रव्य, शोषून घेते. त्यातून उष्णता होते आणि डाग करपून झडतो. गोऱ्या कातडीवर डाग तेवढाच गडद असतो, म्हणून प्रकाश त्यालाच नेमका गाठतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीच्या वरच्या थरात मात्र मेलॅनिन सगळीकडे असते. तिथे दिव्याला डाग कोणता आणि गाल कोणता हे कसे कळणार? मग गालच भाजतो. फोड येतात. हँडपीसच्या काचेच्या मापाचे लांबट चौकोन चेहऱ्यावर ओळीने उठतात, काही काळे पडतात, काही पांढरे. ते जायला महिनोन्‌महिने लागतात. काही जातच नाहीत.

हे टाळता येते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली मांडलेल्या वर्गवारीत आज कातडीचे 6 प्रकार मानतात. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. जाणकार माणूस आधी हा प्रकार ठरवतो, लहानशा जागेवर चाचणी घेतो, काही दिवस थांबतो, आणि गडद रंगासाठी 1064 नॅनोमीटरच्या एनडी-याग लेसरसारखे त्यातल्या त्यात सुरक्षित साधन निवडतो. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडामुळे हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलीने ते काढायला असा उपचार घेतला, तर त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रकाशाने माणसांची दुखणी बरी केली आहेत. पुढे राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनी 1900 साली व्हाइटचॅपेलच्या लंडन हॉस्पिटलला प्रकाशोपचार करणाऱ्या डॅनिश डॉक्टर फिन्सेन यांचा दिवा दिला, तो चेहऱ्याची कातडी खाणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी. सावळेपणा हा काय रोग आहे?

सरकारही दोषी आहे. इंग्लंडमध्ये सौंदर्यासाठी लेसर आणि आयपीएल वापरणाऱ्यांना आरोग्य नियामकाकडे नोंदणी करावी लागे, ती सक्ती 2010 साली उठवली. 2013 साली सौंदर्य-उपचारांचा आढावा घेणाऱ्या सर ब्रूस केओ यांच्या समितीने बजावले, की अशा उपचारांच्या ग्राहकाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण आहे. परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो थेट 2022 च्या हेल्थ अँड केअर कायद्याने. लोकांची मते मागवायला 2023 उजाडले. वेल्समध्ये नोंदणी लागते, लंडनच्या बहुतेक बरोंत परवाना लागतो. बाकीच्या इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला माणूसही तुमच्या मुलीच्या डोळ्यांजवळ दिवा धरू शकतो. माणसाच्या चेहऱ्याची ही किंमत करणाऱ्या राज्यकर्त्यांना लाज वाटली पाहिजे.

पण सलूनवाल्याने तुमच्या घरी येऊन मुलीला ओढून नेले नव्हते. तिला तिथवर नेले ते आपल्या घराने. बाळ जन्मले की आपण त्याच्या कानाच्या पाळ्या निरखून पुढचा रंग सांगतो. गरोदर सुनेला केशराचे दूध पाजतो, ते गोऱ्या नातवासाठी. ब्रिटनमधल्या चार दिवसांच्या उन्हात पोर खेळली तर ‘काळवंडलीस गं’ म्हणून तिला आत घेतो. बायोडेटात शिक्षणाच्या आधी ‘वर्ण : गोरा’ लिहितो. फेअर अँड लव्हलीचे नाव 2020 साली बदलले. आपल्या बायोडेटातली ती ओळ जशीच्या तशी आहे.

आपल्यातलेच लोक ऑफिसात कातडीवरून बढती हुकली की वर्णद्वेषाविरुद्ध दाद मागतात, आणि मागावीच! पण लेकीने काळ्या मित्राचे नाव घरात काढले की तोंड फिरवतात. 1873 साली पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. परक्या खंडातल्या काळ्या माणसाचे दुःख त्यांनी आपले मानले. आपण त्याच माणसाच्या शेजारी राहतो आणि आपली लेक त्याच्यासारखी दिसू नये म्हणून पैसे मोजतो. त्यातून ती भाजली तर वर तिलाच गप्प बसवतो, कारण ‘तिथे गेलीच कशाला’ असे लोक विचारतील!

विचारू देत. भाजलेल्या मुलीला आधी जीपीकडे न्या, चट्ट्यांचे फोटो काढून ठेवा, कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा, परवान्यासाठी आपल्या खासदाराच्या मागे लागा. बायोडेटातली वर्णाची ओळ आज खोडा. आणि स्थळाकडच्यांनी फोनवर ‘मुलगी रंगाने कशी आहे?’ असे विचारले, तर तिथेच नकार कळवून फोन ठेवा. मुलीच्या देखत ठेवा.