तपासणाऱ्यालाही एकदा तपासा



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितले आहे. आपल्या तेल्हाऱ्याच्या लेकरांनाही ते शिकायचेच आहे. पण डीबगिंग म्हणजे "चूक शोध आणि दुरुस्त कर" एवढेच शिकवले तर महत्त्वाची गोष्ट राहून जाईल. चूक दाखवणाराही चुकू शकतो, हे मुलांना कळले पाहिजे असे माझे मत आहे.

आधी साधे उदाहरण बघा. पोषण आहाराच्या फळ्यावर ४० हा आकडा आहे. तिसरीचा मॉनिटर आणि चौथीची मॉनिटर एकाच वेळी येतात, दोघेही ४० वाचतात. तो आपल्या वर्गाचे २० मिळवून ६० लिहितो. ती आपल्या वर्गाचे २५ मिळवते आणि ६० पुसून ६५ लिहिते. खरा आकडा ८५. बेरीज दोघांचीही बरोबर, तरी २० मुलांचे जेवण गेले! दोघे एकामागून एक आले असते तर काहीच बिघडले नसते. संगणकात अशा गडबडीला रेस कंडिशन म्हणतात. ती कधी घडते, कधी घडत नाही, म्हणून सापडायला अवघड.

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचे कर्नेल असते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. फोनमध्ये अनेक प्रोसेसर कोर एकाच मेमरीवर काम करत असतात, म्हणजे फळा एक आणि मॉनिटर अनेक. 'डर्टी काऊ' नावाची अशीच एक चूक लिनक्समध्ये २००७ पासून होती, ती उघड झाली २०१६ मध्ये. तिचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता पूर्ण सिस्टीमचा ताबा घेऊ शकत होता.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे लॉक. जुन्या माणसांना एकेरी रेल्वेमार्गावरचा टोकनचा गोळा आठवत असेल. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. लॉकचेही तसेच असते.

आता मुख्य मुद्दा. कर्नेलमधल्या चुका पकडायला कर्नेलमध्येच काही तपासनीस कोड असतो. त्यातला एक 'डीबगऑब्जेक्ट्स', थॉमस ग्लाइक्सनर यांनी २००८ मध्ये आणलेला. टायमरसारख्या वस्तू वापरण्याआधी नीट तयार केल्या आहेत का, याचे तो जणू रजिस्टर ठेवतो. मेमरी संपली तर तो स्वतःला बंद करतो आणि सगळ्या नोंदी काढून टाकतो.

२०२३ मध्ये गूगलच्या 'सिझबॉट' या स्वयंचलित चाचणी यंत्रणेकडून एक तक्रार आली. झाले होते असे : एका प्रोसेसरने पाहिले की तपासनीस चालू आहे, आणि तो नोंद शोधायला निघाला. तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरवर मेमरी संपली, तपासनीस बंद झाला, रजिस्टर कोरे झाले. पहिल्याला नोंद सापडली नाही, आणि त्याने त्या वस्तूवर ठपका ठेवला. वस्तूचा दोष काहीच नव्हता! तेत्सुओ हांडा यांनी केलेली दुरुस्ती अगदी छोटी आहे. ठपका छापण्याच्या आधी तपासनीस अजून चालू आहे का, हे पुन्हा एकदा पाहायचे. बंद असेल तर गप्प राहायचे.

कोणी म्हणेल, मग चुका सांगायच्याच नाहीत का? तसे नाही. रजिस्टर चालू असताना सापडलेली खरी चूक तो आजही सांगतो. फक्त पुरावाच निघून गेला असेल तर आरोप करत नाही.

आपल्या कामात हे रोज लागू पडते. समजा, ऑनलाइन यादीत एका मुलीच्या नावापुढे "नोंद नाही" दिसते. तेव्हाच दुसरे कोणी तिची तुकडी बदलत असेल, माहिती अर्धीच चढली असेल. आपण लगेच पालकांना बोलावून कागदपत्रांसाठी धारेवर धरले, तर त्यांची दिवसभराची मजुरी बुडते आणि लेकराला वाटते आपलेच काही चुकले. यादी पुन्हा उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात. पालकहो, तुम्हीही मोबाईलवर आलेला गैरहजेरीचा मेसेज वाचून पोरावर हात उगारण्याआधी शाळेत एक फोन करा.

हे शिकवायला संगणक लागत नाही. वरचा फळ्याचा खेळ तिसरी-चौथीच्या वर्गात घ्या. बेरीज कोणाची चुकली ते मुलांनाच शोधू द्या. कोणाचीच चुकली नाही हे कळल्यावर ती चक्रावतील. मग नियमही त्यांनाच करू द्या. बहुधा कोणीतरी म्हणेलच, "सर, खडू एकच ठेवा. ज्याच्याकडे खडू, त्यानंच आकडा वाचायचा अन् त्यानंच लिहायचा." तो खडू म्हणजेच लॉक.

खेळ घेऊन पाहा आणि तुमच्या वर्गाने कोणता नियम काढला ते जरूर कळवा.