रहस्यकथा : निवड की तडजोड?

लेखक रहस्यकथेकडे का वळतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा आरोपाच्या सुरात विचारला जातो आणि ‘पैशासाठी’ हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते. ते खोटे नाही. बाबूराव अर्णाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या केवळ आत्माविष्कारासाठी असे कोणी म्हणणार नाही. परंतु उपजीविकेची निकड लेखक किती लिहितो याचा उलगडा करते. काय लिहितो याचा नव्हे. खपणारे वाङ्मयप्रकार इतरही होते.

पाश्चात्त्य चर्चेत या प्रकाराचे आकर्षण बुद्धीच्या खेळात शोधले जाते. आपल्याकडे ते उत्तर अपुरे पडते. अर्णाळकरांचा धनंजय हा गुप्तहेर त्या परंपरेत बसेल. पण झुंजार आणि काळा पहाड बसत नाहीत. हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करतात. त्यांच्या कथांत ‘गुन्हेगार कोण?’ यापेक्षा ‘त्याला शासन कोण करणार?’ हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. माझ्या मते मराठी लेखक या प्रकाराकडे वळला तो प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नासाठी. प्रतिष्ठित कथेतला सामान्य माणूस अन्याय सोसतो, समजून घेतो, फार तर खिन्न होतो. शिक्षेचा विषय मात्र त्या कथेला काहीसा ग्राम्य वाटत आला आहे.

हे विधान ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात तपासून पाहण्याजोगे आहे, कारण मराठी नोकरदार वाचकाची वस्ती येथे मोठी. लोहमार्ग १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास पोहोचला; पुढे याच मार्गाने मुंबईस ये-जा करणाऱ्यांची शहरे वाढली. वाचनसंस्थाही जुन्या : कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. डोंबिवलीत राहून शं. ना. नवरे यांनी मध्यमवर्गीय घरातील नात्यांच्या हळुवार कथा लिहिल्या आणि त्यांची योग्य ती दखल घेतली गेली. त्याच घरातला दबलेला संताप मात्र २००५ साली चित्रपटातून समोर आला. ‘डोंबिवली फास्ट’मधील माधव आपटे हा बँकेतला सरळमार्गी कर्मचारी कायदा हातात घेतो. त्यात रहस्य काहीच नाही. पण तो काळ्या पहाडाचाच दूरचा वंशज आहे. फरक इतकाच की काळा पहाड निसटतो आणि आपटे पोलिसांच्या गोळीने मरतो. मधल्या काळात वाचकाचा न्यायावरचा विश्वास कोठे गेला, हे या फरकातून वाचता येईल. त्यासाठी दोन्ही टोके अभ्यासाच्या टेबलावर हवीत.

ती नाहीत. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश आणि त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या यांचा विचार एकत्र होतो. आपण मात्र सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आठवतो आणि त्यांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन यांना तरुणपणीची खोड म्हणून सोडून देतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने एम.फिल.साठी रहस्यकथा हा विषय सुचवला होता. ‘यात वाङ्मयीन मूल्य काय?’ असे तिला समितीत विचारले गेले. समितीत मीही होतो आणि गप्प बसलो. तिने विषय बदलला. दरम्यान त्या हलक्या कागदावरच्या छोटेखानी पुस्तकांची पाने हाताळून हाताळून सुटत आहेत, आणि जीर्ण प्रती रद्दीत काढताना कोणत्याही ग्रंथपालाला आमचे मत विचारावेसे वाटणार नाही.