विश्लेषण : अपस्माराचे मूळ जनुकात की रोगप्रतिकारशक्तीत?

लस टोचून आणली, रात्री ताप चढला आणि बाळाला आकडी आली. पुढे आकड्या वारंवार येऊ लागल्या, वाढही मंदावली. अशा घरात दोष कोणाला दिला जातो हे सांगायला नको. आधी लशीला, मग आईच्या माहेराला. विज्ञानाने मात्र या दोन्ही आरोपांतली हवा बरीच काढून घेतली आहे.

लशीवरील आरोप कसा खोडला गेला?

डांग्या खोकल्याच्या लशीमुळे मेंदूला इजा होते, या भीतीने १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये लसीकरण झपाट्याने घसरले होते. ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल बर्कोविक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असा ठपका ठेवलेल्या १४ रुग्णांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यातील ११ जणांच्या ‘एससीएन१ए’ या जनुकात उत्परिवर्तन निघाले. त्यांचा आजार होता ड्रॅव्हे सिंड्रोम किंवा त्याचेच जवळचे रूप. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेला हा बालवयातील गंभीर अपस्मार. यात तापाने आकडी येते आणि लशीनंतर ताप येऊ शकतो. म्हणजे लशीने पहिली आकडी थोडी अलीकडे ओढली असेल, पण आजार आधीपासून होता.

नेहमीची औषधे का बाधतात?

मेंदूत चेतवणाऱ्या पेशी असतात, तशा आवर घालणाऱ्याही असतात. ‘एससीएन१ए’ हे जनुक पेशीतील सोडियमच्या एका सूक्ष्म वाहिनीचा आराखडा पुरवते. ते बिघडले की सर्वाधिक फटका आवर घालणाऱ्या पेशींना बसतो. गाडीचा ब्रेकच सैल होतो म्हणा ना! कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही अपस्मारातील सर्रास वापरली जाणारी औषधे सोडियम वाहिन्याच अडवतात. त्यामुळे ड्रॅव्हेच्या मुलांत आकड्या वाढू शकतात. जनुकाचा अहवाल केवळ फायलीला लावण्यासाठी नसतो, तो असा थेट औषधाच्या चिठ्ठीवर परिणाम करतो. (अर्थात हे वाचून सुरू असलेली गोळी परस्पर बंद करू नये. त्याने आकडी बळावते.)

जनुकीय म्हणजे घराण्यातून आलेला?

बहुतेक वेळा नाही. ड्रॅव्हेच्या बहुसंख्य मुलांत हे उत्परिवर्तन नव्याने घडलेले असते, आईवडिलांच्या रक्तात ते सापडत नाही. मात्र कधी कधी पालकांच्या मोजक्याच पेशींत ते दडलेले असते. म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. याच जनुकातील सौम्य बिघाड काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तिथे एखाद्याला लहानपणी तापात दोन-चार आकड्या येऊन थांबतात, तर भावंडाचा त्रास मोठेपणीही सुटत नाही.

मग रोगप्रतिकारशक्तीचा संबंध कुठे?

‘एलजीआय१’ या प्रथिनाचे उदाहरण इथे फारच बोलके आहे. त्याच्या जनुकातील बिघाडामुळे एक आनुवंशिक अपस्मार होतो, हे २००२ मध्ये कळले. यात आकडीपूर्वी कानात गुणगुण किंवा घंटानाद ऐकू येतो. २०१० मध्ये दुसरी बाजू समोर आली. काही प्रौढांत, विशेषतः साठीच्या आसपास, शरीरच या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, तेही दिवसातून अनेकदा. सोबत विस्मरण, गोंधळ, रक्तातील सोडियम घटणे. घरच्यांना वाटते, वयोमान झाले.

प्रथिन तेच, उपचार निराळे. पहिल्या प्रकारात अपस्माराच्या गोळ्यांनी सहसा चांगला गुण येतो. दुसऱ्यात त्या फारशा चालत नाहीत. स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनसारखे उपचार लवकर दिले, तर स्मृतीची हानी रोखता येऊ शकते. आणखी एक गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रकारातही वारशाचा धागा आहे. बहुसंख्य रुग्णांत रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकाचा एक ठरावीक प्रकार आढळतो. पण तो असणाऱ्या असंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’च्या २०१७ च्या वर्गीकरणात जनुकीय आणि रोगप्रतिकारक अशी दोन स्वतंत्र कारणे आहेत, आणि एका रुग्णात एकाहून अधिक कारणे असू शकतात, हेही त्यात मान्य केले आहे.

उपचार कुठवर आले?

ड्रॅव्हेसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये कॅनाबिडिऑल आणि २०२० मध्ये फेनफ्लुरामिन या औषधांना मंजुरी मिळाली. दोन्ही आकड्या कमी करतात, मूळ बिघाडाला हात लावत नाहीत. जनुकाच्या शाबूत प्रतीकडून अधिक प्रथिन करवून घेणारे, पाठीच्या कण्यातून द्यायचे औषध चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

लग्नाच्या बाजारात मात्र ‘आनुवंशिक’ हा शब्द अजून शिक्क्यासारखा वापरला जातो. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराचा अडसर संसदेने १९९९ मध्येच दुरुस्ती करून काढून टाकला. शिवाय अपस्मार असलेल्या व्यक्तींच्या बहुतांश मुलांना हा आजार होत नाही.