झोप हेही औषधच!

न्यूमोनियातून नुकतीच उठलेली आमची आई गेल्या दिवाळीत रात्री बारापर्यंत चकल्या तळीत बसली आणि पहाटे चारला अभ्यंगस्नानाच्या तयारीला लागली. भाऊबीजेला तिने पुन्हा अंथरूण धरले! डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "औषधे आहेत तीच राहू द्या, ह्यांना आधी झोपू द्या."

वाचकहो, प्रौढ माणसाला रात्री निदान ७ तास झोप हवी. आजारातून उठलेल्याला त्याहूनही अधिक. गाढ निद्रेत वाढीचे संप्रेरक स्रवते, शरीराची झीज भरून निघते. आम्ही घरात नियमच केला: दुपारनंतर चहा बंद, पाहुण्यांना संध्याकाळीच निरोप, दहाला दिवे मालवायचे. महिन्याभरात आई हिंडूफिरू लागली.

यंदाच्या चकल्या मी तळणार आहे, अर्थात दिवसाउजेडी!