बंद दाराआडची लेक



काल-परवापर्यंत वेणी घालून घ्यायला आपल्यापुढे बसणारी मुलगी एकाएकी खोलीचं दार लावून घेऊ लागते. काही विचारलं की 'तुला काही कळत नाही' म्हणून मोकळी होते. 'वयच आहे तसं' असं म्हणत आपण पुन्हा कामाला लागतो. आज ज्या चित्रपटाविषयी सांगणार आहे, त्यातल्या आईचंही असंच झालं.

चित्रपटाचं नाव 'थर्टीन', म्हणजे तेरा. २००३ सालचा, थोडक्या खर्चात काढलेला हा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविक. पटकथा तिनं निकी रीड या शाळकरी मुलीला बरोबर घेऊन अवघ्या सहा दिवसांत लिहिली. तिला निकीच्या स्वतःच्या अनुभवांचा आधार आहे बरं का!

लॉस एंजेलिसमधली तेरा वर्षांची ट्रेसी हुशार, गुणी मुलगी. आईवडील विभक्त. आई मेलनी घरीच लोकांचे केस कापून संसार ओढते. दारूचं व्यसन सोडून ती स्वतःलाही सावरते आहे. शाळेत ट्रेसीच्या साध्या कपड्यांना मुली हसतात. मग ईव्ही नावाच्या झोकदार मुलीची मैत्री मिळावी म्हणून ट्रेसी चोरी करते, पुढं नशा करते, आईला वाट्टेल ते बोलते. मनातलं सोसवेनासं झालं की न्हाणीघरात स्वतःच्याच हाताला जखमा करून घेते. बाह्यांखाली त्या कुणाला दिसत नाहीत.

मेलनी वाईट आई आहे का? मुळीच नाही. दारी येईल त्याला ती आसरा देते, ईव्हीलाही घरात ठेवून घेते. पण सगळ्यांचं करता करता लेकीकडं निवांत बघायचंच राहून जातं. इथं आपणही जरा चपापतो, नाही का?

शेवटी सारं उघडकीला येतं. ट्रेसी ओरडते, झटापट करते. मेलनी मात्र मिठी सोडत नाही. लेकीच्या हातावरच्या व्रणांचे मुके घेते. होली हंटरनं ही आई अशी रंगवलीय की तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

चित्रपट मोठ्यांसाठीचा आहे, तेव्हा आधी एकटीनं पाहा. आणि एवढं लक्षात ठेवा: जुन्या मैत्रिणी अचानक तुटल्या, मार्क घसरले, भर उन्हाळ्यातही मुलगी बाह्या खाली ओढू लागली, तर दप्तर तपासण्याआधी तिच्याजवळ बसा. ती बोलेल तेव्हा मध्येच उपदेश नको. जखमा दिसल्या तर रागावू नका, 'लोक काय म्हणतील' म्हणून झाकूनही ठेवू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही जवळ असू द्या.

दार लेकीनं लावलंय खरं, पण ते कुणीतरी वाजवावं असं तिलाही वाटतच असतं. पोळ्या दहा मिनिटं उशिरा झाल्या तरी चालतील.